राणी शाल्मली आणि लाखबंद रांजण

एका राज्यात सोमवारला सोमवार म्हणत नसत. रविवार सरला की जो दिवस उगवे त्याला लोक 'दुसरा दिवस' म्हणत, आणि त्याच्या पाठोपाठ मंगळवार येई. उपास करणाऱ्या बायकांचा फार घोळ होई. एक विचारी, "अगं, महादेवाचा उपास कधी?" दुसरी सांगे, "रविवारच्या दुसऱ्या दिवशी." "मग नीट नाव घेऊन सांग की!" "नाव घेतलं तर जीभ राजवाड्यात जमा होईल, बाई." असं म्हणून हसत आणि बेल खुडायला जात. का म्हणत नसत, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकटीला. ती त्या राज्याची राणी.

राणीचं नाव शाल्मली, राजाचं वीरबाहू. राजा भला, राणी भली, कोठारं भरलेली, गोठे नांदते. राजवाड्यामागे एक तळं होतं, पण त्याच्या वाटेवर राजाने उंच भिंत घातली होती. राणी कधी विचारी, "महाराज, भिंतीपलीकडे काय आहे?" राजा म्हणे, "चिखल." विषय तिथेच मिटे.

त्यांना एक मुलगी होती. कुमुदिनी तिचं नाव, लाडाने कुमू. टपोऱ्या डोळ्यांची, बडबडी, पण हलकी. इतकी हलकी की हसली तर वीतभर वर जाई. फारच हसली तर आढ्याला टेके, मग दासी शिडी आणत आणि तिला खाली काढत. तिच्या परकराच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या होत्या, पायांत वजनदार वाळे होते, कमरेची रेशमी दोरी दाराच्या कडीला बांधलेली असे. तरी दर वर्षी ती आणखी हलकी होत होती.

कारण असं होतं. राणी तिला घ्यायला हात पुढे करी, आणि कोपरापासून बोटांपर्यंत तिचे हात दगडाचे होत. हात मागे घेतले की पुन्हा माणसाचे. पोर जन्मल्यापासून राणीने तिला एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. न्हाऊ घाली ती धारूदाई, भरवी ती धारूदाई. राणी समोर बसून गाणी म्हणे.

राजवैद्यांनी सांगितलं होतं, "वजन अन्नाने येतं, राणीसाहेब. तोल मात्र आईच्या कडेवर येतो. पोळ्याच्या दिवशी डोंगरावरून वारा सुटतो, गंजीच्या गंजी उधळतो. यंदाच्या वाऱ्यात ही दोरी टिकायची नाही."

"आणि दोरी तुटली तर?"

"तर पोर ढगांची झाली म्हणायची."

श्रावण लागला. राणीने मनाशी ठरवलं, यंदा जिवतीचं व्रत अगदी मनोभावे करायचं. पहिल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचं चित्र लावलं, आघाड्याची माळ घातली, पुरणाचा नैवेद्य केला, सवाष्णी बोलावल्या. कुमूला पाटावर बसवलं, तिची दोरी पाटाखालून बांधली. राणीने ओवाळलं. आता या व्रताची रीत अशी, की ज्या आईचं लेकरू परगावी असेल, सासरी असेल, लढाईवर असेल, तिने त्याच्या नावाने दूर अक्षता टाकायच्या. जिथे असशील तिथे सुखरूप राहा, असं मनात म्हणायचं. राणीला तर एकच लेक, आणि ती समोर पाटावर. तरी तबक खाली ठेवता ठेवता तिच्या उजव्या हाताने चिमूटभर अक्षता उचलल्या आणि खिडकीबाहेर, भिंतीच्या दिशेने, टाकल्या.

धारूदाईने पदर तोंडाशी नेला. सेनापतीची बायको फार हजरजबाबी. ती म्हणाली, "राणीसाहेबांनी चिमण्यांना टाकल्या हो!"

"ओवाळलेल्या अक्षता चिमण्यांना?" राणी आपल्या हाताकडे बघत म्हणाली. "दाई, कुणासाठी टाकल्या मी?"

"हात आहे, राणीसाहेब. घसरतो."

"तू रडतेस का मग?"

"कांदा चिरत होते."

"आज शुक्रवार, नैवेद्याचा स्वयंपाक. कांदा कुठला घरात?"

दाई उठून गेली. राणीने राजाला विचारलं. राजा म्हणाला, "तू दमली आहेस, राणी. पडून राहा." आणि तोही गेला.

राणी खिडकीशी एकटी उभी राहिली. बाहेरच्या कोनाड्यात एक साळुंकी उतरली, अक्षतांचा एक दाणा उचलला, आणि माणसाच्या वाणीने बोलली.

"राणी, गप्प राहायची दवंडी माणसांसाठी होती. पाखरांसाठी नव्हती. म्हणून मी बोलते."

"मग सांग. काय लपवलंय माझ्यापासून?"

"सांगितलं तर कानात राहील. तुझं तू आठवलंस तर अंगात उतरेल, आणि हातांना तेच हवंय. या वाड्याच्या पोटात तळघर आहे. तिथे शमक नावाचा मांत्रिक राहतो. लोकांची दुःखं काढून तो रांजणात भरतो, तोंडाला लाख लावतो. एक रांजण तुझा आहे. वाटेत तीन दारं आहेत. तिन्ही बाहेरून उघडी दिसतात, आणि बंद असतात."

राणीने देवापुढे दिवा लावला, पदर खोचला आणि सकाळच्या उन्हातच तळघराच्या पायऱ्या उतरली. साळुंकी तिच्या खांद्यावर.

पहिल्या दारापाशी एक जातं होतं. खुंटा नाही, दाणे नाहीत. जातं म्हणालं, "बस. बोल. तुझ्या बोलण्यावर मी फिरतं, मी फिरलं की दार सरकतं."

"काय बोलू?"

"जात्यावर बसलेली बाई जे बोलते ते. येईल ते."

साळुंकी कानाशी म्हणाली, "तांदूळ निवडतेस तसं बोलणं निवडू नकोस हं. खड्यांसकट ओत."

राणीने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं. जातं तसूभर हललं नाही. "हे पाठ आहे," जातं म्हणालं. "ते देवाला दे, मला नको."

राणी कंटाळली. म्हणाली, "कंबर दुखते माझी." जात्याचा वरचा दगड किंचित सरकला. राणी चमकली आणि बोलत सुटली. "परवा पुरणात गूळ जास्त झाला. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. मला त्यांचा राग येतो, दिसू देत नाही. माहेरी चिंचेखाली आम्ही भातुकली मांडत असू. मातीचे बैल करत असू, पोळ्याचे. शिंगं नीट यायची नाहीत. ओल्या मातीचा वास. तो वास हल्ली मला सोसवत नाही…"

जातं थांबलं.

"पुढे?" जात्याने विचारलं.

"पुढे काही नाही."

"'काही नाही' म्हणालीस म्हणून तर थांबलं. तिथेच काही आहे."

मनात आलं, उठावं, वर जावं, आमटीला फोडणी राहिली आहे. साळुंकीने तिच्या कानाची पाळी हलकेच चोचीत धरली. राणी बसून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "चिखल. चिखलात एक एवढंसं पाऊल." कुणाचं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण जातं गरगर फिरलं आणि दार सरकलं.

दुसऱ्या दारावर एक म्हातारी कोळीण, आठ पायांची, दाराएवढी मोठी, जाळं विणत बसली होती. ती म्हणाली, "मला एक स्वप्न दे. त्याचं सूत काढीन, त्या सुताने कुलूप ओढीन. जसं पडेल तसं आण. काठपदर लावून आणू नकोस."

राणी वर आली. जेवणं झाल्यावर देवघराशेजारी चटईवर आडवी झाली, आणि तिला स्वप्न पडलं. उठून ती खाली गेली. पण वाटेत तिला वाटलं, स्वप्न फारच अभद्र आहे. म्हणून कोळिणीला म्हणाली, "एक हरणाचं पाडस आलं. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. त्याने देवीला नमस्कार केला."

कोळिणीने सूत ओढलं. ते तटकन तुटलं.

"माळ तू घातलीस," कोळीण म्हणाली. "देवीही तूच आणलीस."

राणीची मान खाली गेली. "खरं सांगते. पंगत बसली होती. मी वाढत होते. पंगतीच्या टोकाला छोट्या पाटावर पाडस बसलं होतं, त्याच्या डोक्याला कुंची बांधलेली. त्याच्या पानात भात नव्हता, पाणी होतं, आणि ते वाढत होतं. त्याने पुढचे पाय वर केले आणि म्हणालं, घे ना. मी म्हटलं, थांब रे, माझे हात भरलेत." राणी थांबली. "मग मी हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते."

आता सूत अखंड निघालं, मऊ आणि ओलं. कोळिणीने ते कुलपात घालून ओढलं. "किती वर्षं झाली," ती म्हणाली, "इतकं चांगलं सूत निघालं नव्हतं." दुसरं दार उघडलं.

तिसऱ्या दाराला पाठ टेकून एक बाई बसली होती. तिने मान वर केली. ती शाल्मलीच होती. तेच कपाळ, तीच हनुवटी, फक्त थोडी तरुण. अंगावर हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, पदरातून पाणी गळत होतं. साळुंकी राणीच्या खांद्यावरून उतरून मागच्या पायरीवर जाऊन बसली. इथे तिला यायचं नव्हतं.

"परत जा," बाई म्हणाली.

"तू कोण?"

"तुला इथे येऊ देत नाही ती. लोकांना वाटतं मांत्रिकाने तुझं दार लावलं. लाख त्याची. दार मीच धरलंय. आत गेलीस तर मोडशील."

"आणि नाही गेले तर माझी पोर उडून जाईल."

"मोडलेल्या आईचा पोरीला काय उपयोग? मी तुझ्या भल्यासाठीच बसले आहे. ऊन नाही, वारा नाही, कुणी पाणी विचारत नाही, तरी बसले आहे."

राणी भांडायला आली होती. पण हे ऐकून ती भांडण विसरली. ती दगडी जमिनीवर त्या बाईच्या शेजारी बसली. मग राणीने तिचा ओला पदर हातात घेतला आणि पिळला. पुन्हा पिळला. पाणी संपेना, तरी पिळत राहिली.

"फार दमली असशील ना ग," राणी म्हणाली.

बाईने मान वळवली. "कुणी म्हटलंच नाही मला तसं."

"आता मी बघते. तू ऊठ."

"रडशील."

"रडेन की."

बाई उठली. दारापासून बाजूला झाली आणि राणीच्या सावलीत शिरली, जशी सावली सावलीत शिरते. तिसरं दार आपोआप उघडलं.

आत रांजणच रांजण. ओळीने मांडलेले, तोंडाला लाल लाख. प्रत्येकातून बारीक गुणगुण येत होती, उतू जाण्याआधी दूध करतं तशी. मधोमध शमक मांत्रिक बसला होता, पांढऱ्या दाढीचा, थकल्या डोळ्यांचा.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "मी चोर नाही. महाराजांनी हात जोडले म्हणून घेतलं. तेव्हाच सांगितलं होतं, दुःख एकटं निघत नाही, शेजारचंही बरोबर घेऊन येतं. ते म्हणाले, येऊ दे, पण ती जगू दे."

"माझा कोणता?"

"ज्यापाशी तुमचे हात दगडाचे होतील तो."

राणी रांजणांमधून हात पुढे करून चालली. एका लहानशा, बसक्या रांजणापाशी बोटं गारठली. दगड झालेला हात तिने वर उचलला आणि त्याच हाताने लाख फोडली.

आणि तिला आठवलं.

तिला एक मुलगा होता. सोमकांत. सगळे त्याला सोम म्हणत. तीन वर्षांचा, गुबगुबीत. पोळ्याचा दिवस होता. मातीचे बैल घेऊन ती त्याला तळ्यावर नेत होती, बैलांना पाणी पाजायचा त्याचा हट्ट होता. तिचा उपास होता, ऊन होतं, पोर कडेवर जड झालं होतं. तिने त्याला खाली ठेवलं. म्हणाली, "चाल बघू आता माझ्या राजा." तो धावला. काठचा चिखल निसरडा होता. तिने हात पुढे केले. हात पुरले नाहीत.

राणी रांजणाशी बसली आणि रडली. कसं रडली ते सांगण्यासारखं नाही. शमक मान खाली घालून बसून राहिला. कितीतरी वेळाने रडणं ओसरलं, तर रांजणाच्या तळातून आणखी काही वर येऊ लागलं. सोमचं हसणं आलं. पायरीवर आपटून पडलेला दुधाचा दात आला, तो त्याने तुळशीत पेरला होता, दातांचं झाड येईल म्हणून. तो तिला 'शाममी' म्हणे, शाल्मली म्हणता येत नसे म्हणून. त्याच्या मानेला येणारा वास आला. राणी रडता रडता हसली.

"हेही कोंडून ठेवलं होतं?" तिने विचारलं.

"वेगळं काढता येत नाही," शमक म्हणाला.

राणीने हात पाहिले. उबदार होते.

तेवढ्यात पायऱ्यांवर घाईची पावलं वाजली. राजा खाली आला होता. फुटलेली लाख पाहून तो दारातच थांबला.

"हे काय केलंस? तुला वाचवायला मी…"

"ठाऊक आहे, महाराज. मला वाचवलंत. आणि तुम्ही?"

राजाने फुटलेल्या लाखेचा एक तुकडा उचलला.

"इतकी वर्षं एकटेच रडत होतात?"

"रडायला जागाच नव्हती," राजा म्हणाला. "तुझ्यासमोर येत नसे. लोकांसमोर शोभत नसे. भिंतीपलीकडे जाऊन बसत असे."

"त्याचं नाव घ्या."

राजाने ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "सोम," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "सोम." मग दोघं त्या रिकाम्या रांजणापाशी बसून एकमेकांना सांगू लागले. तो असं म्हणायचा. नाही, तसं म्हणायचा. भोपळ्याची भाजी थुंकायचा. थुंकायचा नाही, माझ्या ताटात टाकायचा. बाहेर दिवस आले आणि गेले. राजाने दवंडी फिरवली, की सोमचं नाव घ्यायची बंदी उठली, सोमवारला पुन्हा सोमवार म्हणावं. ज्यांचे ज्यांचे रांजण तळघरात असतील त्यांनी, मनाची तयारी झाली की, सोबतीला कुणी घेऊन यावं. एकटं येऊ नये. शमकाला राजाने नवं काम दिलं, आलेल्याजवळ बसून राहायचं. म्हातारा म्हणाला, हे काम अवघड आहे, पण झोप चांगली लागते.

इकडे पोळा उजाडला.

कुमू अजून हलकीच होती. राणीला हात आले होते, पण धाडस होत नव्हतं. रोज ती मुलीजवळ जाई आणि थबके. धारूदाई करवादली, "आता कसली वाट बघता? मुहूर्त काढायचाय का?"

"दाई, पुन्हा खाली ठेवावं लागेल ना ग तिला. त्याचीच भीती वाटते."

दाईने कुमूच्या दोरीची गाठ पुन्हा आवळली.

दुपारी डोंगरावरून वारा सुटला. वाड्याची दारं धाडधाड आपटू लागली. कुमूला तो आवाज गमतीचा वाटला, ती खदखदून हसली, वर गेली, आणि रेशमी दोरी मधोमध तुटली. वाऱ्याने तिला खिडकीतून बाहेर नेलं. दासी शिडी आणायला धावल्या. राजा अंगणात धावला. कुमू प्राजक्ताच्या शेंड्याशी तरंगत होती, आणि आता हसत नव्हती.

"आई!" ती ओरडली.

राणी अंगणातल्या चौथऱ्यावर चढली. विचार करायला वेळ नव्हता. दोन्ही हात वर केले. या वेळी हात हातच राहिले. वाऱ्याच्या झोताबरोबर पोर पुढे सरकली, राणी टाचांवर उंच झाली, आणि वाळ्यासकट एक पाय तिच्या मुठीत आला. तिने खाली ओढलं, छातीशी धरलं, कडेवर घेतलं.

सुरुवातीला कडेवर काहीच नव्हतं, कापसाची पिशवी असावी तसं. वारा झोंबत होता. राणी तशीच उभी राहिली, तिच्या केसांत तोंड खुपसून. मग हळूहळू कंबर जाणवू लागली. दंड भरून आला. कुमू तिच्या कानातल्या कुड्या ओढत म्हणाली, "आई, तू मऊ आहेस." वारा दोघींच्या बाजूने निघून गेला, पदर फडफडवत, आणि पोरीला हलवू शकला नाही.

संध्याकाळी राजाने गवंडी बोलावून भिंतीत दार पाडलं. सगळी तळ्यावर गेली. काठाला लाकडी कठडा घालायचं ठरलं, शमकाने सोमच्या नावाने एक दिवा सोडला. कुमू आईच्या कडेवरच होती. दुपारपासून उतरली नव्हती. राणीचा हात आता खांद्यापासून ठणकत होता.

"मला खाली सोड," कुमू म्हणाली. "मला पळायचंय."

राणीने राजाकडे पाहिलं. राजा पाण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. राणीने देवीचं नाव घेतलं आणि मुलीला गवतावर ठेवलं.

कुमूने एक पाय उचलला, टेकवला. दुसरा उचलला, टेकवला. पायांखाली गवत दबत होतं याचं तिला नवल वाटलं. मग ती धावत सुटली, हात पसरून, वाळे वाजवत, आणि दगडाला ठेच लागून दाणकन पडली. जन्मात पहिल्यांदा पडली. क्षणभर तिला काय झालं ते कळलं नाही. मग गुडघ्यातून रक्ताचा थेंब आला, आणि तिने असा काही गळा काढला की तळ्यावरचे बगळे उडाले.

"पडली!" धारूदाई टाळ्या वाजवत ओरडली. "अहो, पडली हो पोर!"

राणी धावली, गुडघ्यावर फुंकर घालू लागली, आणि राजाराणी दोघंही हसत होती, डोळे पुसत होती.

जिवती माते, जशी राणी शाल्मलीवर कृपा केलीस तशी सगळ्यांवर कर. गेलेल्यांची नावं घराघरांत मोकळेपणी घेतली जावोत, आणि असलेली लेकरं धावोत, पडोत, उठोत.